डीबीएच्या (डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या) कामाचा सराव: डेटाबेस मोडा आणि पुन्हा उभा करा

रात्रपाळी

डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन शिकू पाहणाऱ्यांचे प्रश्न साधारण एकाच वळणाचे असतात: कोणता कोर्स करू, कोणतं सर्टिफिकेट घेऊ. माझं उत्तर ठरलेलं आहे. स्वतःच्या मशीनवर एक डेटाबेस उभा करा, तो मुद्दाम मोडा आणि घड्याळ लावून परत उभा करा. या कामातला सगळ्यात अवघड भाग ज्या क्षणी करावा लागतो, त्या क्षणी वाचायला वेळ नसतो. तेव्हा हाताला सवय असेल तरच निभावतं.

मी रोज पोस्टग्रेसवर काम करते, म्हणून उदाहरणं तिथली देते. बाकीच्यांनी आपापल्या डेटाबेसची भर घालावी.

सुरुवात रिस्टोअरपासून. बॅकअपपासून नव्हे, रिस्टोअरपासून, म्हणजे बॅकअपमधून डेटाबेस परत उभा करण्यापासून. पोस्टग्रेसबरोबर पीजीबेंच नावाचं, चाचणीचा डेटा आणि लोड तयार करणारं साधन येतं. त्याला स्केल ५० दिलं की खात्यांच्या टेबलमध्ये ५० लाख ओळी तयार होतात. डेटा पाऊण जीबीच्या आसपास, साध्या लॅपटॉपलाही झेपणारा. आधी वॉल फाइलींचं (प्रत्येक बदल आधी जिथे नोंदला जातो त्या लॉगचं) आर्काइव्हिंग, म्हणजे त्यांच्या प्रती बाजूला साठवणं, चालू करा, मग पीजी_बेसबॅकअपने पूर्ण बॅकअप घ्या. पीजीबेंचचा लोड चालू ठेवा. थोड्या वेळाने घड्याळातली वेळ कागदावर लिहा आणि एक टेबल ड्रॉप करून टाका. आता तुमचं काम एवढंच, की ड्रॉपच्या अगदी आधीच्या क्षणापर्यंतचा डेटाबेस वेगळ्या डिरेक्टरीत उभा करायचा, चालू सर्व्हरला हात न लावता.

पहिल्यांदा करताना बरेच जण दोन ठिकाणी अडकतात. एक, इंटरनेटवरचे जुने लेख रिकव्हरी.कॉन्फ फाइल बनवायला सांगतात. आवृत्ती १२ पासून ती पद्धत गेली. आता सेटिंग मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये लिहायची आणि रिकव्हरी.सिग्नल नावाची रिकामी फाइल ठेवायची. जुनी फाइल डिरेक्टरीत सापडली तर सर्व्हर सुरूच होत नाही. दोन, रिकव्हरीची वेळ लिहिताना टाइमझोन लिहायचा राहतो. सर्व्हर यूटीसीवर आणि तुमचं घड्याळ स्थानिक वेळेवर असलं, की भलत्याच क्षणाचा डेटा हाती येतो.

हे करताना वेळा नोंदवा: बॅकअप फाइल हाती यायला किती लागला, ती उतरवायला किती, वॉल लावायला किती. मोठ्या डेटाबेसमध्ये वॉल लावण्यातच तास जाऊ शकतात. "किती वेळात परत चालू होईल?" असं व्यवस्थापनाने विचारल्यावर अंदाजाने बोलायचं नसेल, तर हे आकडे आधी हातात हवेत.

रिस्टोअर का आधी, याचं उदाहरण गिटलॅबने स्वतःच जगासमोर मांडलेलं आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरची डेटा डिरेक्टरी समजून मुख्य सर्व्हरचीच पुसली. सुमारे ३०० जीबी डेटा गेला. मग एकेक बॅकअप तपासला. रोजचा पीजी_डम्प (डेटाबेस फाइलीत उतरवून घेतलेला बॅकअप) कधीपासून अपयशी ठरत होता, कारण सर्व्हर ९.६ चा आणि डम्प घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा. अपयशाच्या सूचना ईमेलने जायच्या, पण समोरचा मेलसर्व्हर त्या नाकारत होता. शेवटी कामाला आला तो साधारण सहा तासांपूर्वी चाचणीसाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट, आणि मधल्या तासांतला डेटा कायमचा गेला. मला यातली चुकीच्या विंडोत दिलेली कमांड तितकी महत्त्वाची वाटत नाही, ती कुणाच्याही हातून जाईल. बॅकअप घेतला जातोय असं सगळे धरून चालले होते आणि तो उतरवून कुणी पाहिला नव्हता, हे मला त्याहून गंभीर वाटतं.

---

सोनसळी

उत्तम धागा. मी अजून शिकतेय, कॉलेजात एसक्यूएल झालंय. कोणत्या डेटाबेसपासून सुरुवात करू? ऑफिसांमध्ये ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर जास्त दिसतात, म्हणून गोंधळ होतो.

---

रात्रपाळी

सोनसळी, पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल, दोन्हींपैकी एक घ्या आणि तळापर्यंत जा. लॉग आधी लिहिला जातो आणि डेटा मागाहून, लॉक कसे लागतात, प्लॅनर (क्वेरी कोणत्या मार्गाने चालवायची ते ठरवणारा भाग) खर्च कसा मोजतो, हे एका ठिकाणी नीट कळलं की दुसरीकडे नावं बदलतात, विचार तोच राहतो. पुढे ओरॅकलची फ्री आवृत्ती आहे, तिच्यात तुमच्या डेटाला १२ जीबीची मर्यादा आहे, पण सरावाला ती पुष्कळ झाली. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्तीही शिकण्यासाठी फुकट आहे, फक्त ती प्रॉडक्शनला वापरता येत नाही.

---

तळघर

रिस्टोअरच्या मुद्द्याला +१. पीजी_डम्पबद्दल एक भर. एका डेटाबेसचा डम्प घेतला तर त्यात रोल आणि त्यांचे पासवर्ड येत नाहीत, कारण ते सगळ्या क्लस्टरचे, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसांचे मिळून असतात. ते पीजी_डम्पऑलने वेगळे काढावे लागतात. नव्या मशीनवर डम्प उतरवला, टेबलं दिसली, आणि मालकी व परवानग्यांच्या एररनी स्क्रीन भरली, हा अनुभव सरावातच आलेला बरा.

माझं क्षेत्र ओरॅकल. तिथला सराव असा: आर्काइव्हलॉग मोड चालू करा, आर्काइव्हची जागा मुद्दाम छोटी ठेवा आणि मोठा इन्सर्ट चालवा. जागा भरली की डेटाबेस थबकतो आणि नवीन कनेक्शनला ओआरए-००२५७ मिळतो. आता सोडवा. नवशिक्याचा हात पहिल्यांदा ऑपरेटिंग सिस्टिमच्या डिलीट कमांडकडे जातो. फाइली जातात, पण कंट्रोल फाइलच्या लेखी त्या अजून तिथेच असतात, त्यामुळे डेटाबेसच्या हिशेबात जागा भरलेलीच. आरमॅन या ओरॅकलच्या बॅकअप साधनातून, आधी बॅकअप घेऊन मग डिलीट, हा क्रम बोटांत बसवा.

---

रात्रपाळी

तळघर, हाच धडा पोस्टग्रेसमध्ये आणखी कडवट आहे. वॉल फाइलींच्या डिरेक्टरीचं नाव पूर्वी पीजी_एक्सलॉग होतं. नावात "लॉग" दिसतंय म्हणून, डिस्क भरली की लोक ती रिकामी करायचे आणि डेटाबेस कायमचा गमवायचे. शेवटी आवृत्ती १० मध्ये तिचं नाव बदलून पीजी_वॉल केलं. तिथल्या फाइली हाताने कधीही, कोणत्याही परिस्थितीत पुसू नका.

ती डिरेक्टरी का फुगते, हाही सराव आहे. एक रिप्लिकेशन स्लॉट (रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची सतत ताजी राहणारी प्रत, कुठपर्यंत पोचली याची नोंद) बनवा, फिजिकल असेल तर इमीजिएटली_रिझर्व्ह चालू ठेवून, त्याला कुणीही जोडू नका आणि लोड चालवा. स्लॉटचा ग्राहक परत येईल या आशेवर सर्व्हर प्रत्येक वॉल फाइल जपून ठेवतो, डिस्क भरेपर्यंत. आवृत्ती १३ पासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझने याला मर्यादा घालता येते, पण मुळात ती अमर्याद असते. बंद केलेल्या रेप्लिकाचा स्लॉट तसाच राहिलेला असणं हे डिस्क भरण्याचं फार नेहमीचं कारण आहे.

---

विहंग

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांसाठी याचाच भाऊ. डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये असेल आणि तुम्ही फक्त रोजचा पूर्ण बॅकअप घेत असाल, तर लॉग फाइल वाढतच राहते. पूर्ण बॅकअपने लॉग मोकळा होत नाही, लॉगचाच बॅकअप घ्यावा लागतो. फाइल मोठी दिसली की लगेच श्रिंक करू नका, आधी सिस.डेटाबेसेसमधला लॉग_रीयूज_वेट_डेस्क हा कॉलम वाचा. लॉग कशासाठी अडलाय ते तो सरळ सांगतो: लॉग बॅकअप बाकी आहे, की कुणाचं ट्रान्झॅक्शन उघडं आहे, की रेप्लिका मागे आहे.

आणि रिस्टोअर व्हेरिफायओन्ली चालवलं म्हणजे बॅकअप तपासला, असं समजू नका. ते बॅकअप वाचता येतोय का एवढंच बघतं. बॅकअप खरोखर उतरवून त्यावर डीबीसीसी चेकडीबी चालवणं, ही खरी तपासणी.

---

निरांजन

थोडा वेगळा सूर लावतो. आता बहुतेक डेटाबेस क्लाउडवर आहेत, बॅकअप सेवा देणारा घेतो, रेप्लिका एका क्लिकवर होते. हे सगळं हाताने शिकण्यात वेळ घालवावा का? क्वेरी आणि स्कीमा डिझाइनवर तो वेळ दिला तर जास्त उपयोग होईल असं मला वाटतं.

---

रात्रपाळी

निरांजन, प्रश्न रास्त आहे, आणि क्वेरीबद्दल तुमच्याशी सहमत आहे. पण रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे. मुख्य सर्व्हरवर डिलीट चालवलं की काही क्षणांत रेप्लिकावरही ते झालेलं असतं. क्लाउडवर एखाद्या क्षणापर्यंत परत जाता येतं हे खरं, पण बहुतेक ठिकाणी ते नवा सर्व्हर उभा करून होतं. त्याला किती वेळ लागतो, त्यातून एकच टेबल मूळ ठिकाणी कसं आणायचं, अ‍ॅप्लिकेशनचा पत्ता कोण बदलणार, हे काम तुमच्याकडेच राहतं. सर्व्हर डिलीट केला तर त्याचे आपोआप घेतलेले बॅकअप मागे राहतात का, हेही आपापल्या सेवेच्या नियमात आजच वाचा.

आणि लॉक तर क्लाउडवरही तसेच लागतात. पुढचा सराव त्याचाच. मला तो सगळ्यात आवडतो, कारण त्याला मोठा डेटा लागत नाही, तीन विंडो पुरतात.

पहिल्या विंडोत बिगिन करा, एखाद्या टेबलवर साधं सिलेक्ट चालवा, कमिट करू नका. दुसऱ्या विंडोत त्याच टेबलला कॉलम जोडणारं ऑल्टर टेबल द्या. ते थांबेल, कारण पहिल्याचा वाचनाचा लॉक अजून सुटलेला नाही. आता तिसऱ्या विंडोत त्याच टेबलवर साधं सिलेक्ट द्या. तेही थांबतं! पहिलं सिलेक्ट आणि तिसरं सिलेक्ट एकमेकांच्या आड येत नाहीत, तरीही तिसरं अडतं, कारण ते रांगेत ऑल्टरच्या मागे उभं आहे. प्रॉडक्शनमध्ये या जागी एकामागून एक कनेक्शनं अडतात, मॅक्स_कनेक्शन्स मुळात १०० असतं ते भरतं, आणि मिलिसेकंदांत होणारा कॉलम जोडताना अख्खी साइट बंद पडते.

आता पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी आणि पीजी_ब्लॉकिंग_पिड्स वापरून साखळीचं मूळ शोधा. सापडेल ते "आयडल इन ट्रान्झॅक्शन" अवस्थेतलं कनेक्शन, जे काहीच करत नाहीये. उपाय म्हणून ऑल्टरच्या आधी लॉक_टाइमआउट दोन-तीन सेकंदांचा लावा. मिळाला लॉक तर ठीक, नाहीतर मागे हटा, जरा वेळाने पुन्हा. स्कीमा बदलणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये ही ओळ असावी, असं माझं ठाम मत आहे.

---

गणिती

तीन विंडोंचा सराव मायएसक्यूएलवर जसाच्या तसा करता येतो. तिथे याला मेटाडेटा लॉक म्हणतात आणि शो प्रोसेसलिस्टमध्ये तेच शब्द दिसतात. त्याची लॉक_वेट_टाइमआउट ही मर्यादा मुळात ३१५३६००० सेकंद आहे, म्हणजे पूर्ण एक वर्ष! ओळींच्या लॉकची मर्यादा वेगळी, ती ५० सेकंद. दोन्हींची नावं सारखी असल्याने लोक एक बदलतात आणि दुसरी बदलली असं समजतात.

मायएसक्यूएलची आणखी एक गोष्ट. क्रिएट, ऑल्टर, ड्रॉप यांनी चालू ट्रान्झॅक्शन आपोआप कमिट होतं. ओरॅकलमध्येही तसंच. पोस्टग्रेसमध्ये मात्र बिगिन करून ड्रॉप टेबल केलं तरी रोलबॅकने टेबल परत येतं. एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर जाणाऱ्याने हे पहिल्या दिवशी करून बघावं.

निरांजन यांनी क्वेरीचं काढलंच आहे, तर माझा सराव देतो. एक टेबल करा, गाड्यांचं. त्यात कंपनी आणि मॉडेल असे दोन कॉलम. मॉडेल ठरलं की कंपनी ठरतेच. काही लाख ओळी भरा, अ‍ॅनालाइज चालवा आणि दोन्ही अटी घालून एक्सप्लेन अ‍ॅनालाइज बघा. प्लॅनर दोन्ही अटी स्वतंत्र धरतो आणि शक्यतांचा गुणाकार करतो. कंपनी दहातली एक आणि मॉडेल शंभरातलं एक असेल तर त्याच्या मते हजारात एक ओळ, खरं तर शंभरात एक. अंदाज दहापटीने चुकला. एका टेबलवर हे खपून जातं, पण पुढे चार जॉइन असतील तर ही चूक प्रत्येक पायरीवर पुढे जाते आणि शेवटी लाखो ओळींवर नेस्टेड लूप चालतो. आता क्रिएट स्टॅटिस्टिक्सने त्या दोन कॉलमचं नातं प्लॅनरला सांगा, पुन्हा अ‍ॅनालाइज करा आणि अंदाज बदललेला पाहा. ही सोय पोस्टग्रेस १० मध्ये, म्हणजे २०१७ साली आली.

प्लॅन वाचताना माझी नजर आधी वेळेवर जात नाही. अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांची तुलना करत खालून वर जातो. पहिली मोठी तफावत जिथे दिसते, तिथे बहुतेक वेळा रोग असतो. वरच्या मजल्यावरचा संथ सॉर्ट हा त्याचा परिणाम असतो, पण लोक वर्क_मेम (सॉर्टला मिळणारी मेमरी) वाढवून त्या सॉर्टवरच इलाज करत बसतात.

सावधगिरीची एक सूचना: एक्सप्लेन अ‍ॅनालाइज क्वेरी खरोखर चालवतं. डिलीटचा प्लॅन बघायचा असेल तर बिगिन आणि रोलबॅकच्या मध्ये बघा.

---

निरांजन

गणिती, हे फार कामाचं आहे, आजच करून बघतो. रात्रपाळी, लॉकच्या रांगेचं पटलं. इंडेक्स असूनही वापरला जात नाही, यावरही कुणी लिहा ना.

---

विहंग

थोडक्यात देतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलम व्हारकॅर आणि अ‍ॅप्लिकेशनकडून येणारा पॅरामीटर एनव्हारकॅर असेल, तर तुलनेआधी कॉलमच बदलला जातो. कोलेशननुसार (अक्षरांच्या क्रमवारीच्या नियमांनुसार) इंडेक्स असूनही पूर्ण स्कॅन होऊ शकतो. प्लॅनमध्ये त्यावर पिवळी खूण येते. मायएसक्यूएलमध्ये मजकुराच्या कॉलमची तुलना अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेल्या आकड्याशी केली की तेच. पोस्टग्रेसमध्ये कॉलमवर लोअर लावून शोधलं तर साधा इंडेक्स निरुपयोगी, लोअरवरच इंडेक्स बनवावा लागतो. आणि टेबल लहान असेल किंवा निम्म्या ओळी लागणार असतील, तर इंडेक्स टाळण्याचा प्लॅनरचा निर्णय बरोबरच असतो.

---

तळघर

एक विषय राहतोय, ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्याचा. २०१८ साली लिनक्सच्या ग्लिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत अक्षरांच्या क्रमवारीचे नियम बदलले. पोस्टग्रेस मजकुराच्या इंडेक्ससाठी तीच क्रमवारी वापरत असेल तर जुन्या नियमांनी रचलेला इंडेक्स नव्या नियमांनी वाचला जातो. एरर येत नाही. ओळ टेबलमध्ये असते, पण शोधून सापडत नाही, आणि युनिक इंडेक्स असूनही तीच ओळ दुसऱ्यांदा घुसते. जुन्या मशीनवर मुख्य सर्व्हर आणि नव्या मशीनवर रेप्लिका, अशी जोडी करून टप्प्याटप्प्याने स्थलांतर करणाऱ्यांना याचा फटका हमखास बसतो. उपाय म्हणजे मजकुराच्या कॉलमवरचे इंडेक्स रीइंडेक्स करणं, आणि आधी अ‍ॅमचेक या इंडेक्स तपासणाऱ्या साधनाने तपासणं. स्थलांतराच्या यादीत ही ओळ लिहूनच ठेवा.

---

रात्रपाळी

तळघर, हे लिहिलंत ते फार बरं झालं. बिनआवाजी नुकसान म्हणतात ते हेच.

व्हॅक्यूमबद्दल, म्हणजे अपडेट-डिलीटनंतर मागे राहिलेल्या जुन्या (मृत) ओळी साफ करण्याबद्दल, थोडं सांगून माझ्याकडचे सराव पूर्ण करते. पीजीबेंचच्या टेबलवर सगळ्या ओळींचं अपडेट तीन-चारदा चालवा आणि दर वेळी टेबलचा आकार बघा. मग दुसऱ्या विंडोत रिपीटेबल रीड ट्रान्झॅक्शन उघडून त्यात एक सिलेक्ट चालवून सोडून द्या आणि पुन्हा अपडेट व व्हॅक्यूम चालवा. व्हॅक्यूम व्हर्बोज सांगेल की मृत ओळी आहेत, पण अजून काढता येत नाहीत. ते उघडं ट्रान्झॅक्शन त्या ओळी बघू शकतं, म्हणून त्या ठेवाव्याच लागतात. ऑटोव्हॅक्यूम "काम करत नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

दुसरं म्हणजे मूळ सेटिंगनुसार ५० ओळी अधिक टेबलच्या २० टक्के ओळी मृत झाल्यावर ऑटोव्हॅक्यूम जागा होतो. १० कोटी ओळींच्या टेबलमध्ये म्हणजे २ कोटी मृत ओळी साचेपर्यंत वाट बघितली जाते. मोठ्या टेबलसाठी हे प्रमाण टेबलनिहाय एक-दोन टक्क्यांवर आणा. ऑटोव्हॅक्यूम बंद करणं हा उपाय कधीच नाही. ट्रान्झॅक्शन क्रमांक ३२ बिटांचे असतात, जुन्या ओळी वेळेत गोठवल्या नाहीत तर शेवटी डेटाबेस नवीन लेखन स्वीकारायचंच थांबवतो.

---

सोनसळी

रात्रपाळी ताई, धागा वाचून लगेच बसले. तीन विंडोंचा सराव झाला, तिसरं सिलेक्ट अडकलेलं स्वतः पाहिलं तेव्हा लॉकची रांग खऱ्या अर्थाने कळली. मग रिस्टोअर केलं. ड्रॉप केलेलं टेबल परत दिसतंय! पण त्यात इन्सर्ट करायला गेले तर डेटाबेस फक्त वाचनासाठी आहे असा एरर येतो. माझं काय चुकलं?

---

रात्रपाळी

सोनसळी, काहीच चुकलं नाही. फार छान. ठरवलेल्या क्षणाला पोचल्यावर थांबायचं, असं रिकव्हरी_टार्गेट_अ‍ॅक्शनचं मूळ मूल्य आहे, आणि ते सोयीचं आहे. या थांब्यावर डेटा तपासून घ्या: टेबल आहे ना, शेवटच्या ओळी अपेक्षेप्रमाणे आहेत ना. अजून पुढे जायचं असेल तर सर्व्हर बंद करा, वेळ पुढची लिहा आणि पुन्हा सुरू करा, तो इथूनच पुढे जाईल. मागे मात्र जाता येत नाही. ड्रॉपच्या पलीकडे गेला असाल तर बेस बॅकअपपासून पुन्हा. म्हणून शंका असेल तेव्हा वेळ थोडी आधीचीच धरा.

सगळं ठीक असेल तर पीजी_वॉल_रिप्ले_रिझ्यूम चालवा. रिकव्हरी संपेल, सर्व्हर नव्या टाइमलाइनवर जाईल आणि लेखन सुरू होईल. त्यानंतर लगेच या नव्या सर्व्हरचा नवीन बेस बॅकअप घ्या.